दोन यार्ड आणि नॉर्ब कुचार्स्की

सोमवारी सकाळी डोनाच्या हॉटेलात खिडकीजवळच्या टेबलावर मीठदाणी, मिरपूड, केचपची बाटली आणि साखरेच्या पुड्या समोरासमोर रांगा धरून उभ्या दिसल्या की समजावं, आमचे अमेरिकन फुटबॉलवाले स्टोकर्स काल हरले. जिंकले असते तर लोकांनी त्याच वस्तू खाण्यासाठी वापरल्या असत्या. डोनाच्या आईच्या काळापासून बघितलं, तर या हॉटेलातलं मीठ मिठाच्या कामी फार थोड्या सोमवारी आलेलं आहे.

"हे बघा," नॉर्ब कुचार्स्की म्हणाला. "मीठ म्हणजे आपला चेंडू फेकणारा. या पुड्या त्याला राखणाऱ्या. आणि ही मिरपूड..."

"ती जरा इकडे दे," एल्मर म्हणाला. "अंड्यांवर घालायची आहे."

"थांब की दोन मिनिटं. ती आत्ता आपल्या मिठाला लोळवणार आहे."

"ते काल बघितलं मी. अंडी गार होतायत."

एल्मर निवृत्त पोस्टमन. त्याच्या मते संघाच्या सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच होतं: बचावाच्या पुढच्या फळीत तीन माणसं उभी करतात, ती चार हवीत. त्याचं घरी बायकोशी वाजलं तरी तो दोष त्या तीन माणसांनाच देईल, असं चेट म्हणायचा. चेटचं स्वतःचं औषधांचं दुकान होतं. ते विकल्यापासून त्याला मोजायला गोळ्या उरल्या नव्हत्या, म्हणून तो आकडे मोजायचा. कोणत्या वाऱ्यात, कोणत्या महिन्यात, डावीकडून धावलं तर किती यार्ड आणि उजवीकडून किती, हे त्याच्या फोनमध्ये असायचं आणि फोन बंद पडला तर डोक्यात.

"काल चौथी खेप होती," नॉर्ब म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी आपले कप जरा लांब सरकवले, कारण चौथ्या खेपेवर आला की नॉर्ब हात फार हलवतो. "चार खेपांत दहा यार्ड सरकायचे, तीन खेपांत आठ सरकले. राहिले किती? दोन! अरे, चौथी खेप देवाने दिली आहे कशाला? भिडायला! आणि या कोच हॅल्डेनने काय केलं? लाथ मारायला लावली. चेंडू मैदानाच्या त्या टोकाला भिरकावला आणि समोरच्यांच्या हवाली केला. घ्या राजे हो, तुमचाच आहे!"

"फसलं असतं तर चेंडू तिथल्या तिथे त्यांचा झाला असता," एल्मर म्हणाला.

"फसलं असतं तर! चेट, सांग याला."

"दोन यार्ड राहिले असताना भिडलं तर दहात सहा वेळा जमतं," चेट म्हणाला. हे त्याने इतक्या सोमवारी सांगितलं होतं, की डोनाला ते पाठ होतं.

"दहात सहा! शेंडी तुटो की पारंबी, भिडायचं. लाथ मारतो तो भेकड. हॅल्डेन भेकड. त्याच्या आधीचा भेकड. त्याच्या आधीचा तर महाभेकड."

चाळीस वर्षांत स्टोकर्सना अकरा कोच झाले आणि नॉर्बच्या मते अकराही भेकड निघाले. त्यांतल्या नऊ जणांना त्याने पत्रं लिहिली. पत्रासोबत डोनाच्या हॉटेलातले कागदी टेबलमॅट असायचे, मागच्या कोऱ्या बाजूला गोल, फुल्या आणि बाण काढलेले, पुढच्या बाजूला क्वचित सिरपचा डाग. एकाच कोचकडून काहीतरी परत आलं. त्याचा फोटो होता, खाली यंत्राने छापलेली सही. नॉर्ब त्याला 'आमचा पत्रव्यवहार' म्हणायचा.

पोर्ट हॅमिलमध्ये यात कोणाला काही वावगं वाटत नाही. आम्ही सगळेच उंटावरून शेळ्या हाकणारे. संघ जिंकला तर आपण जिंकलो, हरला तर त्यांनी घालवलं. फक्त नॉर्बचा उंट इतरांपेक्षा जरा उंच होता इतकंच.

गंमत अशी की हा माणूस स्वतःच्या आयुष्यात कधी कशालाच भिडला नव्हता. चौतीस वर्षं तो शहराच्या पाणीखात्यात होता. रस्त्याखालचा मोठा व्हॉल्व्ह उघडायचा तर इतर लोक दोन दणक्यांत उघडायचे. नॉर्ब पाव फेरा द्यायचा, कान लावून ऐकायचा, मग पुढचा पाव फेरा. त्याच्या हातून एकही नळ फुटला नाही आणि त्याच्या वाट्याचं एकही काम वेळेवर झालं नाही. गाडीत तो दोन जादा चाकं ठेवतो. रस्ता मोकळा असला तरी दिवा हिरवा होईपर्यंत बर्फात उभा राहतो. ॲग्नेसला लग्नाचं विचारायला त्याला सहा वर्षं लागली. शेवटी तिनेच विचारलं, तर हा म्हणाला, उद्या सांगतो. डोनाकडे तो गेली कित्येक वर्षं तीच दोन अंडी आणि तोच टोस्ट मागवतो, कारण नवीन काही मागवलं आणि आवडलं नाही तर काय करायचं?

हे त्याला तोंडावर सांगणारा माणूस गावात एकच होता, रे डोम्बेक. दोघे पहिलीपासून एका बाकावर बसले, पाणीखात्यात एका गाडीवर गेले आणि सेंट काझिमिर चर्चमध्ये एका रांगेत म्हातारे झाले. नॉर्ब व्हॉल्व्हला कान लावून बसला की वरून रे ओरडायचा, "अरे चौथ्या खेपेच्या वाघा, फिरव की एकदाचा!"

त्याचा सूड नॉर्ब वर्षातून एकदा घ्यायचा. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सकाळी चर्चच्या मागच्या मैदानावर सेंट काझिमिरची टीम आणि अग्निशमन दलाची टीम फुटबॉल खेळायची. हा घरगुती खेळ. अंगावर झेप घ्यायची नाही, दोन्ही हात लावले की माणूस थांबला. चेंडू रेषेपार नेला की एक गुण. साडेदहाच्या मिस्साच्या प्रार्थनेआधी सव्वादहाला पहिली घंटा व्हायची आणि ती झाली की खेळ संपला. जिंकणाऱ्याला टर्की भाजायचं एक जुनं निळं भांडं वर्षभर मिळायचं. गेली बावीस वर्षं काझिमिरचा कोच रे होता. नॉर्ब हातात कॉफीचा थर्मास घेऊन रेषेबाहेर उभा असायचा आणि सल्ला द्यायचा. आणि ज्या वर्षी हरायचे त्या वर्षी दुपारी कुचार्स्कींच्या घरी दोन्ही कुटुंबं जेवायला बसली, की रे टर्की कापत असताना नॉर्ब निकाल वाचून दाखवायचा. "चौथी खेप होती, रे. भिडला का नाहीस? भेकड रे भेकड." सगळे हसायचे. रेही हसायचा आणि नॉर्बला मुद्दाम मानेचा तुकडा वाढायचा.

गेल्या मार्चमध्ये रे गेला. अंगणातला बर्फ काढता काढता फावड्यावर हात ठेवून जरा टेकला, तो टेकलाच. त्यानंतरच्या सोमवारी त्याची बायको बर्नीस डोनाच्या हॉटेलात आली, खिडकीजवळच्या टेबलाशी चौथ्या, रेच्या खुर्चीत बसली आणि पर्समधून शब्दकोडं काढलं. कोणी काही विचारलं नाही. तेव्हापासून ती दर सोमवारी येते. आठ महिन्यांत फुटबॉलवर ती अवाक्षर बोलली नव्हती.

ऑक्टोबरमध्ये बिशपकडून पत्र आलं. तीन चर्च मिळून एक होणार, सेंट काझिमिर नाताळनंतर बंद. चर्चच्या तळघरात सभा भरली. लोक रडले, चिडले, मग कॉफी आणि सुक्या आलुबुखारचे केक खाऊन जरा शांत झाले. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, म्हणजे या थँक्सगिव्हिंगची मॅच शेवटची. आणि चेटने हिशोब सांगितला: आजवर अडतीस झाल्या. एकोणीस आपल्या, एकोणीस त्यांच्या.

चर्च जातंय हे दुःख मोठं होतं, पण ते बिशपने केलं होतं. ही एक गोष्ट आमच्या हातात होती. जो जिंकेल, तो कायमचा जिंकेल.

"कोच कोण होणार?" एल्मरने विचारलं.

सगळे इकडेतिकडे बघायला लागले. मागच्या रांगेतून बर्नीसचा आवाज आला. ती शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाली, "नॉर्ब. त्याला सगळं माहीत आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नॉर्ब म्हणाला, गुडघा दुखतो. लोक म्हणाले, कोचला पळावं लागत नाही. नॉर्ब म्हणाला, उद्या सांगतो. ॲग्नेस म्हणाली, "हा उद्या सांगतो म्हणाला म्हणजे हो. मला विचारा." आणि ठरलं.

पुढचे पाच आठवडे नॉर्बने जेवणाच्या टेबलावर एक्केचाळीस डाव काढले. त्याची मुलगी मार्सी, चौतीस वर्षांची, इस्पितळात नर्स, आमच्या टीममध्ये चेंडू फेकायची. तिने ते चाळून बघितले.

"डॅड, हे सगळे चौथ्या खेपेचे आहेत. पहिल्या तीन खेपांना काय करायचं?"

"पहिल्या तीन खेपा कोणीही खेळतो," नॉर्ब म्हणाला. "घोडामैदान जवळच आहे. बघशील तू."

त्याला खरंच तसं वाटत होतं. आपल्या अंगात एक शूर माणूस चाळीस वर्षं कोंडून बसला आहे, त्याला फक्त मैदान मिळालं नाही, अशी त्याची मनापासून समजूत होती. रात्री ॲग्नेसला तो म्हणाला, "ही मॅच मी रेसाठी जिंकणार. तो असता तर पुन्हा लाथच मारली असती त्याने." आणि त्याला रेची फार आठवण आली.

थँक्सगिव्हिंगला एरी सरोवरावरून वारा सुटला होता आणि मैदानावर बर्फाची पातळ साय धरली होती. अख्खं चर्च रेषेभोवती उभं होतं. आमच्याकडून मार्सी, चेटचे दोन पुतणे, कन्फेशनला पापं सांगायला सगळ्यांत जास्त वेळ लावणारी मिस यांकोव्हिच, आणि व्हिएतनामहून आलेले तरुण फादर हिएन, जे अमेरिकेत येईपर्यंत फक्त गोल चेंडूचा फुटबॉल खेळले होते आणि म्हणून लाथ फार सुंदर मारायचे. पलीकडे अग्निशमन दलाचे पाच जण, त्यांत त्यांच्या स्वयंपाकघराचा प्रमुख बड. तो सत्तावन्न वर्षांचा होता आणि बरोब्बर दाराएवढा रुंद. तो धावण्यासाठी नव्हताच, वाट अडवण्यासाठी होता.

खेळ चांगला झाला. तीन गुण आमचे, तीन त्यांचे. बर्नीस रेचा जाड कोट घालून रेषेवर उभी होती. आणि मग चर्चच्या दारात घंटा वाजवणारा म्हातारा स्टॅश येऊन उभा राहिला. त्याने घड्याळ बघितलं आणि एक बोट वर केलं. एक मिनिट.

चेंडू आमच्याकडे. मैदानाच्या बरोबर मध्ये. चौथी खेप. राहिले होते दोन यार्ड.

सगळं चर्च नॉर्बकडे वळलं. कोणी ओरडत नव्हतं, कारण ओरडायची गरजच नव्हती. या माणसाने काय करायला सांगायचं, हे पोर्ट हॅमिलमधल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. मार्सी हसत होती. तिने आधीच माणसं रेषेवर उभी केली होती.

"दहात सहा, नॉर्ब!" चेट ओरडला.

आणि नॉर्बला आयुष्यात पहिल्यांदा ते उरलेले चार दिसले.

चाळीस वर्षं दहात सहा म्हणताना ते चार कुठे होते कोण जाणे. आता चौघेही समोर येऊन उभे राहिले. त्याच्या डोळ्यांपुढे मार्सीचा चेंडू निसटला. मिस यांकोव्हिच घसरली. चेंडू त्यांच्याकडे गेला, मैदानाच्या मध्ये, मिनिटभर वेळ, आणि ते रेषेपार गेले. मग दर रविवारी, नव्या चर्चमध्ये, परक्या बाकांवर, लोक म्हणतील: नॉर्बने घालवलं. लाथ मारली तर? चेंडू लांब जाईल, घंटा होईल, बरोबरी. एकोणीस-एकोणीस. कोणी जिंकलं नाही, पण कोणी हरलंही नाही. आणि कोणामुळेच नाही. त्याचे हात थर्मासभोवती गार पडले होते.

"लाथ मारा," नॉर्ब म्हणाला.

मार्सीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"लाथ. फादर, मागे जा आणि मारा."

"डॅड!" मार्सी म्हणाली. "दोन यार्ड आहेत!"

"मला दिसतंय."

"तुम्हीच तर..."

"मार्सी, मी कोच आहे!" तो ओरडला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला, की तो आपलाच आहे हे त्याला जरा वेळाने कळलं.

फादर हिएननी मागे जाऊन लाथ मारली. अशी लाथ आमच्या मैदानाने पाहिली नव्हती. चेंडू उंच गेला, वाऱ्यावर जरा थांबला आणि सरळ बडच्या पोटावर आला. बडने आयुष्यात कधी चेंडू झेलला नव्हता. त्याने तो झेलला नाहीच, तो त्याच्या कोटात अडकला. तो बिचारा घाबरून पुढे पळायला लागला. त्याला हात लावायला पहिला आला तो घसरला. दुसरा पहिल्यावर पडला. मिस यांकोव्हिचने दोन्ही हात पुढे केले आणि मग इतकं मोठं काहीतरी अंगावर येताना बघून ते मागे घेतले. बड सगळ्यांच्या मधून, दोन्ही हातांनी पोट धरून, रेषेपलीकडे गेला आणि बर्फात आडवा झाला. तेवढ्यात घंटा झाली.

आम्ही मिस्साला गेलो. फादर हिएननी बुटांवरचा बर्फ तसाच ठेवून प्रार्थना म्हटली. नॉर्ब नेहमीच्या रांगेत बसला आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.

दुपारी जेवताना टर्की नॉर्बनेच कापली आणि वाईट कापली. तो वाट बघत होता. आता मार्सी बोलेल, आता जावई बोलेल. पण मार्सी म्हणाली, "मैदान निसरडं होतं, डॅड." ॲग्नेस म्हणाली, "वारा किती होता." जावई म्हणाला, बडच्या नशिबापुढे कोणाचं काय चालणार. नाचता येईना अंगण वाकडं, हे नॉर्बने आजवर इतर लोकांच्या बाबतीत ऐकलं होतं. इथे घरातली माणसं त्याच्या वतीने अंगण वाकडं करत होती. बर्नीस समोर बसली होती. तिने भोपळ्याचं गोड पक्वान्न दोनदा घेतलं आणि ती लवकर घरी गेली.

रविवारी स्टोकर्सची मॅच नॉर्बने एकट्याने बघितली, आवाज बंद करून. चौथी खेप आली. दोन यार्ड राहिले होते. हॅल्डेनने लाथ मारायला लावली आणि स्टोकर्स हरले. नॉर्ब कोचच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्या चेहऱ्याकडे त्याने आजपर्यंत कधी नीट बघितलं नव्हतं. बिचारा ओठ चावत होता.

सोमवारी त्याने ठरवलं होतं की डोनाकडे जायचं नाही. ॲग्नेसने त्याचा कोट दाराबाहेर नेऊन ठेवला, तेव्हा जावं लागलं.

खिडकीजवळच्या टेबलावर मीठ, मिरपूड, साखर सगळं आपापल्या जागी होतं. कोणी हातही लावला नव्हता. एल्मर म्हणाला, "ये, बस. थंडी वाढली, नाही?" चेट म्हणाला, "तसं बघितलं तर अशा वाऱ्यात आकडे बदलतात. दहात पाचसुद्धा धरता येतील." डोनाने न मागता कॉफी ओतली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेली. नॉर्बला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हॅल्डेनला या टेबलाने काय काय म्हटलं होतं! आणि त्याला स्वतःला कोणी साधं गाढवही म्हणेना.

"अरे, शिव्या तरी घाला," तो म्हणाला.

"कशाला रे," एल्मर म्हणाला आणि अंड्यात बघू लागला.

बर्नीसने पेन खाली ठेवलं.

"रेने बावीस वर्षं ती टीम सांभाळली," ती म्हणाली. "त्यांत अकरा हरला. दर वेळी तू तुझ्या टेबलावर त्याला भेकड म्हणालास."

"चेष्टेत गं, बर्नीस."

"चेष्टेतच. तो हसायचाही. घरी आला की हसायचा नाही. कोट न काढता स्वयंपाकघरात बसायचा आणि विचारायचा, बर्नी, आज भिडायला हवं होतं का गं? मला काय कळतंय फुटबॉलमधलं! मी म्हणायची, नाही रे, केलंस ते बरोबर. पण त्याला माझं पटायचं नाही. तुझं पटायचं."



"मला कधी बोलला नाही," नॉर्ब म्हणाला.

"तुला कसा बोलणार? तू त्याचा मित्र." ती त्याच्याकडे वळली. "परवा तू का मारायला लावलीस लाथ?"

नॉर्बने वारा म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. "भीती वाटली," तो म्हणाला. "हरायची नाही. माझ्यामुळे हरायची."

"तोही हेच म्हणायचा. अगदी हेच शब्द."

नॉर्बचे डोळे भरून आले. त्याने कागदी रुमालाने नाक पुसलं. "बर्नीस, मी त्याची... तुझी माफी..."

"मला नको. आणि तो नाहीये. तू त्याला जे म्हणायचास ते स्वतःला म्हण. तेवढ्याच मोठ्याने."

नॉर्ब उभा राहिला. खुर्ची करकरली. सगळं हॉटेल बघायला लागलं. "मी भेकड आहे," तो म्हणाला.

"ऐकू आलं नाही," बर्नीस म्हणाली. "तो टर्की कापायचा तिथपर्यंत ऐकू जायचं."

"मी भेकड आहे!" नॉर्ब ओरडला. "नॉर्बर्ट कुचार्स्की, मॅपल स्ट्रीट! दोन यार्ड होते आणि मी लाथ मारायला लावली!"

"आम्ही होतो तिथे, बस खाली!" काउंटरवरून कोणीतरी ओरडलं. आणि त्याच्या शेजारी पॅनकेक खात बसलेला बड वळून म्हणाला, "मला तर फार आवडली ती लाथ, नॉर्ब!"

मग जे सुटलं ते सुटलं. एल्मर म्हणाला, पुढे चार माणसं उभी असती तर बड अडला असता, हे मी पाच आठवडे सांगत होतो. चेट म्हणाला, एक्केचाळीस डाव काढले आणि खेळला बेचाळिसावा. डोना म्हणाली, माझे टेबलमॅट परत कर. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं जे जे काही इंग्रजीत आणि पोलिशमध्ये म्हणता येतं, ते सगळं म्हणून झालं. पंधरा मिनिटं नॉर्बने मान खाली घालून ते ऐकलं आणि ऐकता ऐकता दोन्ही अंडी संपवली.

"बरं, आणि कालचं?" शेवटी चेट जपून म्हणाला. "हॅल्डेनचं?"

सगळे नॉर्बकडे बघायला लागले. त्याने टोस्टने बशी पुसली. रविवारी दुपारी त्याने स्वतःशी शपथ घेतली होती, की उभ्या जन्मात पुन्हा कोणत्या कोचला नाव ठेवायचं नाही.

"भेकड आहे तो," नॉर्ब म्हणाला. "आणि हे मी आता ऐकीव सांगत नाहीये."

बर्नीस त्याच्याकडे बघत होती. तिने शब्दकोडं मिटून बाजूला ठेवलं. "मला एक सांग," ती म्हणाली. "चाळीस वर्षं ऐकतेय. दोन यार्ड म्हणजे असतात तरी किती?"

नॉर्ब पुन्हा उठला. टेबलाच्या कडेला टाच लावून तो दोन पावलं चालला, काउंटरच्या दिशेने, आणि थांबला. डोनाच्या हातातल्या कॉफीच्या भांड्यापर्यंतही तो पोचला नव्हता.

"एवढेच?" बर्नीस म्हणाली.

"इथून एवढेच," नॉर्ब म्हणाला.